चाकाचे कान पिळताना...

१९६४ साली पडद्यावर आलेल्या 'गोल्डफिंगर' या जेम्स बॉण्डच्या चित्रपटात स्वित्झर्लंडच्या घाटातील पाठलागाचे एक दृश्य आहे. बॉण्डची रुपेरी ॲस्टन मार्टिन डीबी-५ एका पांढऱ्या फोर्ड मस्टँगला समांतर धावू लागते. तिच्या चाकाच्या मध्यातून एक फिरते पाते बाहेर सरकते आणि मस्टँगचे टायर चिरत जाते. हे पाते कुठे बसवले होते? त्या काळच्या क्रीडा मोटारींच्या चाकाच्या मधोमध चमकणारा, दोन किंवा तीन 'कान' असलेला जो मोठा नट असे, नेमके तेथे. इंग्रजीत त्याला 'स्पिनर' किंवा 'नॉक-ऑफ' म्हणतात.

खऱ्या मोटारीतील स्पिनर असे पाते बाहेर काढत नाही. पण मोटारीच्या मालकाला तो घायाळ करू शकतो. वर्षानुवर्षे एका जागी उभी राहिलेली जुनी एमजी किंवा जग्वार पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली, की पहिले काम असते चाके उतरवण्याचे. चाक निघाल्याशिवाय आतले ब्रेक दिसत नाहीत, आणि ब्रेक पाहिल्याशिवाय गाडी हलवणे धोक्याचे. त्या वेळी स्पिनर जागचा हलत नाही. मग हातोडा मोठा होतो, घाव वाढतात, क्रोमचा मुलामा उडतो आणि कधी एखादा कानच तुटून हातात येतो. बहुतेक वेळा चूक ताकदीची नसते, समजुतीची असते. हा नट कसा काम करतो हे कळले, तर निम्मे काम हातोडा उचलण्यापूर्वीच झालेले असते.

सायकलवाल्यांची देणगी

मोटारीच्या बाल्यावस्थेत चाक गाडीला कायमचे जोडलेले असे. पंक्चर झाले की रस्त्याच्या कडेला बसून, चाक जागेवरच ठेवून टायर काढायचा, ट्यूब जोडायची आणि पुन्हा चढवायची, असा तासाभराचा उद्योग चाले. ही कटकट दूर करणारे संपूर्ण सुटे होणारे तारांचे चाक रूपाला आणले ते इंग्लंडमधील रज-व्हिटवर्थ या कंपनीने. ही कंपनी मूळची सायकली बनवणारी; १८९४ मध्ये रज आणि व्हिटवर्थ या दोन सायकल कंपन्यांच्या विलीनीकरणातून ती जन्माला आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथील जॉन पघ यांनी हे चाक तयार केले.

त्याची रचना साधी आणि चतुर आहे. गाडीच्या आसाच्या टोकाला असलेल्या हबवर उभ्या बारीक दातेरी खाचा असतात. चाकाच्या पोटातही तशाच खाचा असतात. चाक हबवर सरकवले की दोन्हीकडचे दाते एकमेकांत बसतात. इंजिनाचा जोर आणि ब्रेकचा ताण हे दातेच पेलतात. चाक बाहेर निसटू नये, एवढ्यासाठी टोकाला एकच मोठा नट. बैलगाडीच्या आसाला खीळ असते, तीच भूमिका येथे नटाची. त्याला पाना लागू नये म्हणून कान दिले गेले. कानावर हातोड्याचे चार घाव घातले की नट सैल, आणखी दोन घातले की घट्ट. शर्यतीत चाक बदलण्याचे काम मिनिटांवरून सेकंदांवर आले.

पुढे अर्धशतकभर क्रीडा मोटारींची ती ओळखच झाली. १९६१ मध्ये आलेली जग्वार ई-टाइप, १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेली एमजीबी, ऑस्टिन-हिली, ट्रायम्फ अशा ब्रिटिश गाड्यांवर तारांची चाके आणि कानांचे नट दिसू लागले. त्यांचा सर्वांत मोठा ग्राहक होता अमेरिका. मुंबई-पुण्यातील जुन्या मोटारींच्या फेऱ्यांमध्ये अशी एखादी गाडी आजही लोकांची नजर खिळवून ठेवते. (आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या एमजी गाड्यांचे नाव तेच असले, तरी त्या नव्या काळाच्या; त्यांच्या चाकांना साधे बोल्ट असतात.)

खरे कान, खोटे कान

शर्यतीची ही खूण इतकी लोकप्रिय झाली, की ज्या गाड्यांना तिची गरज नव्हती त्यांनाही ती हवीशी वाटू लागली. १९६४ मध्ये बाजारात आलेल्या फोर्ड मस्टँगसाठी तीन कानांच्या नटाचा आभास निर्माण करणारी चाकाची झाकणे मिळत. झाकणाखाली चाक नेहमीसारखे चार-पाच नटांनीच बसवलेले असे. मधला स्पिनर निव्वळ दागिना. साध्या बोल्टच्या हबवर दातेरी खाचांचा जोड बसवून तारांची चाके चढवण्याची आणि त्यावर शोभेचे कान लावण्याची हौसही अनेकांनी पुरवून घेतली.

या हौसेला कायद्याने लगाम घातला. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या पायाला किंवा सायकलस्वाराला फिरत्या चाकाचे बाहेर आलेले कान इजा करतील, म्हणून अमेरिकेच्या वाहन सुरक्षा नियमांनी १९६८ पासून नव्या मोटारींच्या चाकावर असे पंख असलेले नट आणि झाकणे निषिद्ध ठरवली. जर्मनीतही कान चालेनासे झाले. परिणामी त्या बाजारपेठांत जाणाऱ्या एमजीबीला अष्टकोनी नट आला. शेव्हरोले कॉर्व्हेटने त्याच्या आधीच, १९६७ मध्ये, तीन कानांच्या एकनटी ॲल्युमिनियम चाकांऐवजी बोल्टची चाके देण्यास सुरुवात केली होती. अमेरिकेतील हा नियम १९९६ मध्ये रद्द झाला, पण तोवर कानांचा जमाना संपला होता.

म्हणून पहिला प्रश्न असा, की समोरचा स्पिनर खरा आहे की सोंगाचा? झाकणाच्या कडेला चाकाशी फट दिसत असेल आणि खाली चार-पाच स्वतंत्र नट असतील, तर तो शोभेचा. त्यावर हातोडा चालवणे व्यर्थ, कारण तो फिरण्यासाठी बनलेलाच नाही. असे कान बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. ते ठिसूळ असतात. घाव बसला की वाकत नाहीत, सरळ तुटतात. अशा वेळी कडेच्या फटीत कापडात गुंडाळलेली चपटी पट्टी घालून, चारी बाजूंनी थोडेथोडे उचकटत, आधी पूर्ण झाकण काढावे. मग ते पालथे घालून मागच्या बाजूने स्पिनर धरून ठेवणारे स्क्रू किंवा वळवलेल्या पट्ट्या शोधाव्यात. स्क्रू गंजले असतील तर पातळ तेल सोडून रात्रभर ठेवावे. ज्योतीने तापवण्याचा मोह मात्र टाळावा. जस्ताचा मिश्रधातू लोखंडाच्या मानाने फारच कमी उष्णतेला वितळतो आणि मुलामा त्याही आधी बिघडतो.

उलट्या आट्यांचे गूढ

स्पिनर खरा असेल, तर दुसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न येतो: तो कोणत्या दिशेने सुटतो? येथेच बहुतेकांची गफलत होते. घरातली बरणी असो वा नळाची चावी, उजवीकडे फिरवले की घट्ट आणि डावीकडे फिरवले की सैल, ही सवय हातात मुरलेली असते. स्पिनरच्या बाबतीत ती गाडीच्या एकाच बाजूला लागू पडते.

रज-व्हिटवर्थ पद्धतीच्या हबवर गाडीच्या डाव्या बाजूला नेहमीचे आटे असतात, तर उजव्या बाजूला उलटे. डावी-उजवी बाजू ठरवायची ती चालकाच्या आसनावर बसून, पुढे पाहत. सुकाणू कोणत्या बाजूला आहे याचा तिच्याशी संबंध नाही. त्यामुळे डाव्या चाकाचा नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो, तर उजव्या चाकाचा काट्यांच्याच दिशेने. दोन्ही बाजूंना एकच खूणगाठ उपयोगी पडते: नट सैल करायचा तर वरचा कान गाडीच्या नाकाकडे ढकलायचा.

यात गंमत अशी, की गाडी पुढे जाताना चाकही त्याच दिशेने फिरत असते. मग चालत्या गाडीत नट आपोआप सैल व्हायला नको का? अनुभव याच्या नेमका उलट आहे. तो घट्ट होत जातो. याचे कारण समजण्यासाठी मनगटातील सैल बांगडी डोळ्यांपुढे आणावी. बांगडीचा घेर मनगटापेक्षा किंचित मोठा असतो. हात गोल गोल हलवला, की बांगडी मनगटावर टेकत-टेकत सरकते आणि प्रत्येक फेऱ्यात स्वतःभोवती थोडीशी वळते. या पद्धतीच्या चाकाचे तोंड शंकूसारखे बाहेर आलेले असते आणि नट त्यावर टोपीसारखा बसतो. गाडीच्या वजनामुळे दोघांचा स्पर्श एका बाजूला अधिक दाबाचा असतो. चाक फिरते तसा हा दाबाचा बिंदू शंकूभोवती उलट दिशेने फिरतो आणि नट बांगडीसारखा त्याच्यामागे सूक्ष्मपणे सरकतो. ही चाल चाकाच्या फिरण्याच्या विरुद्ध, म्हणजेच घट्ट होण्याच्या दिशेची असते. सायकलच्या डाव्या पॅडलला उलटे आटे असतात, त्यामागेही याच जातीची चाल आहे.

या ज्ञानाला व्यवहारात फार मोल आहे. दुरुस्तीच्या वेळी डावे-उजवे हब किंवा नट यांची अदलाबदल झाली, तर हीच चाल उलटते. मग प्रत्येक किलोमीटरला नट थोडाथोडा सुटत जातो आणि एखाद्या वळणावर चाक गाडीच्या पुढे धावताना दिसते. शिवाय सगळ्या बनावटींची रचना एकसारखी नसते. काही चाकांत नटाचा शंकू चाकाच्या आत शिरतो, तेथे हा हिशेब बदलतो. म्हणून नटावर कोरलेला 'अनडू' हा शब्द आणि त्याशेजारचा बाण हाच अंतिम पुरावा मानावा. मुलाम्याखाली तो पुसट झाला असेल, तर खडू चोळून पाहावा. अक्षरे वर येतात.

नट का अडून बसतो?

अडलेल्या स्पिनरमागे साधारण चार कारणे असतात. पहिले, कुणीतरी पूर्वी चुकीच्या दिशेने घाव घालून तो अधिकच आवळलेला असतो. दुसरे, गाडी वर्षानुवर्षे चालल्याने तो आपोआप घट्ट झालेला असतो. तिसरे, आटे आणि शंकू कोरडे राहिलेले असतात. शेवटचे ग्रीस कधी लावले, हे कुणालाच आठवत नाही. चौथे कारण रसायनशास्त्राचे. अनेक नट पितळी असतात, हब पोलादाचा. दोन वेगळे धातू, मध्ये ओलावा आणि त्यात मीठ, एवढ्यावर एक सूक्ष्म विद्युतघट तयार होतो आणि पोलाद झपाट्याने गंजते. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाड्यांना याचा त्रास विशेष होतो. गंज मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या फटी भरून काढत तो नटाला आतून पाचर मारल्यासारखा धरून ठेवतो.

हातोड्याआधी आणि हातोड्याने

पहिले घाव गाडी जमिनीवर असतानाच घालावेत. जॅकवर उचललेल्या गाडीवर जोरदार घाव घालणे म्हणजे ती अंगावर घेण्याची तयारी. हातब्रेक ओढावा, समोरच्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. नट जागचा हलला, की थांबून मग गाडी उचलावी आणि भक्कम स्टँडवर टेकवावी. विटांच्या चळतीवर कधीही नाही.

त्याआधी तेलाला वेळ द्यावा. गंज सैल करणारे पातळ तेल नट आणि चाक यांच्या सांध्यात थेंबाथेंबाने सोडावे, काही तासांनी पुन्हा सोडावे आणि रात्रभर मुरू द्यावे. नट बाहेरून बंद असल्याने तेल आट्यांपर्यंत पोहोचायला उशीर लागतो. घाई येथे कामाची नाही. तेल ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रममध्ये जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

पोलादी हातोडा वापरू नये. तो कानावर खड्डे पाडतो आणि मुलामा फोडतो. तांबे, शिसे किंवा कमावलेले कातडे यांच्या तोंडाचा, पण वजनदार हातोडा हवा. ई-टाइपसोबत मिळणाऱ्या अवजारांतच असा हातोडा असे. घाव कानाच्या सपाट बाजूवर, काटकोनात बसला पाहिजे. तिरका घाव निसटतो आणि तारांवर किंवा रंगावर जातो. दोन्ही कानांवर आळीपाळीने, थोडे पण नेमके घाव घालावेत. हलका हातोडा शंभर वेळा मारण्यापेक्षा जड हातोडा चार वेळा मारणे बरे, कारण गंजाची पकड अचानक बसलेल्या धक्क्याने सुटते.

याउपर नट हलला नाही, तर जुने जाणते मिस्त्री एक युक्ती करतात. आधी तो घट्ट करण्याच्या दिशेने केसभर हलवून पाहतात. गंजाचा थर एकदा तुटला की मग तो सुटण्याच्या दिशेनेही हलतो. दुसरा उपाय लाकडी पान्याचा. जाड फळीत कानांच्या आकाराचे भोक कोरून ती नटावर बसवायची आणि तीन-चार फुटांच्या टोकावर जोर द्यायचा. जोर दोन्ही कानांवर सारखा पडतो, मुलामा वाचतो आणि आवाजही होत नाही. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ही जमेची बाजू.

तिसरा उपाय उष्णतेचा, मात्र ज्योतीचा नव्हे. पितळ पोलादापेक्षा सुमारे दीडपट अधिक प्रसरण पावते. नुसता नट ८० अंशांनी अधिक तापला, तर ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवर त्याचा घेर व्यासात साधारण ०.०६ मिलिमीटरने वाढतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण गंजाची पकड ढिली व्हायला आणि तेल आत शिरायला तेवढी फट पुरते. त्यासाठी उकळत्या पाण्यात भिजवलेली फडकी किंवा गरम हवेचा झोत पुरेसा असतो. नट तापवावा, हब तापण्यापूर्वी घाव घालावा. गॅसची ज्योत मात्र दूर ठेवावी. चाकावर हवा भरलेला टायर असतो, आत ग्रीस असते आणि शेजारी ब्रेकची रबरी नळी असते. तापलेला टायर फुटला, तर त्याचा तडाखा प्राणघातक ठरू शकतो.

शेवटचा उपाय

सगळे करूनही नट जुमानत नसेल, तर काय वाचवायचे हे ठरवावे लागते. नट नवा मिळतो आणि चाकाच्या किंवा हबच्या मानाने तो स्वस्त असतो. अशा वेळी नटाचाच बळी देणे शहाणपणाचे. कानाच्या मुळाशी, आट्यांच्या अलीकडे थांबेल इतपत खोल, आसाला समांतर भोकांची रांग पाडायची आणि छिन्नीने नट तेथून फोडायचा. भोक आट्यांत गेले की हबही गेला, म्हणून हे काम अनुभवी हातांनीच करावे. नवा नट घेताना जुना सोबत न्यावा. एमजीबीच्या वेगवेगळ्या काळातील हबांवर इंचाला १२ आटे आणि ८ आटे असे दोन प्रकार आढळतात. चुकीचा नट दोन फेरे बसल्यासारखा वाटतो आणि आटे कापून टाकतो.

चाक निघाल्यावर लगेच नवा नट चढवू नये. दातेरी खाचा स्वच्छ करून नीट पाहाव्यात. दाते टोकाला सुरीसारखे धारदार झाले असतील, तर ते झिजले आहेत. पुढे-मागे गाडी हलवताना चाकातून 'टक्' असा आवाज येणे, हीही झिजेचीच खूण. असे दाते एक दिवस ब्रेक दाबताक्षणी दगा देतात. शंकूवर रंगाचा थर असेल, तर तो खरवडून काढावा, कारण रंग दबून झिजला की नट सैल पडतो. मग दाते, शंकू आणि आटे यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवावा. चाक अधांतरी असताना नट बसवावा, म्हणजे ते शंकूवर बरोबर मध्यभागी येते. गाडी खाली घेतल्यावर अखेरचे घाव घालावेत आणि पहिल्या छोट्या फेरीनंतर नट पुन्हा तपासावा. वर्षातून एकदा चाक उतरवून ग्रीस लावले, तर पुढच्या वेळी यातले काहीही करावे लागत नाही.

अडलेला नट केवळ जुन्या गाड्यांच्याच नशिबी असतो असे नाही. २०२१ च्या मोनॅको ग्रां प्रीमध्ये दुसऱ्या क्रमांकावर धावणारा व्हाल्टेरी बोटास चाके बदलण्यासाठी थांबला आणि पुढच्या उजव्या चाकाचा एकमेव नट काही केल्या निघेना. यंत्राचे तोंड किंचित तिरके लागल्याने नटाचे कंगोरे कातले गेले होते. शर्यत तेथेच संपली. ते चाक निघाले दोन दिवसांनी, इंग्लंडमधील ब्रॅकली येथे मर्सिडीजच्या कारखान्यात. चार चाके दोन-अडीच सेकंदांत बदलणाऱ्या जगातील सर्वांत सज्ज चमूची ही गत. ताकद त्यांच्या यंत्रात भरपूर होती. चुकला तो फक्त कोन. घरच्या गॅरेजमध्ये हातोडा उचलणाऱ्याने म्हणूनच आधी खडू घेऊन बसावे आणि बाण कुठे वळतो ते वाचावे.